दुष्काळात चारा पिकांना मुळांवरील बुरशीची साथ: मायकोरायझा टिकवावी कशी, वापरावी कशी

पावसाचा खंड लांबला की चाऱ्याच्या पिकात एक चित्र हमखास दिसते. एकाच वाणाची, एकाच दिवशी पेरलेली ज्वारी असते. बांधालगतच्या ओळी दुपारीही बऱ्यापैकी ताठ उभ्या असतात आणि मधल्या पट्ट्यातील पाने अकरा वाजताच गुंडाळलेली असतात. यामागे जमिनीची खोली, ओलावा, सावली अशी बरीच कारणे असू शकतात. त्यातले एक कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे मुळांमध्ये राहणारी मायकोरायझा ही उपयुक्त बुरशी.

ऑक्टोबर २०१८ अखेरीस राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या उन्हाळ्यात लाखो जनावरे चारा छावण्यांत होती. अशा वर्षी शेतावरचा दहा-पंधरा गुंठ्यांचा नेपियर किंवा लसूणघासाचा तुकडा तगला, तर दावणीची दुभती जनावरे विकावी लागत नाहीत. म्हणूनच मुळांवरील बुरशीचा विषय चारा उत्पादकाने नीट समजून घ्यायला हवा. बाजारात या नावाने बरेच काही विकले जाते, पण जी बुरशी तुमच्या जमिनीत आधीपासून आहे, ती टिकवण्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

थोडक्यात महत्त्वाचे

- मायकोरायझा पाणी तयार करत नाही. जमिनीत शिल्लक असलेला ओलावा आणि स्फुरद मुळापर्यंत पोचवण्यास ती मदत करते.
- बहुतेक शेतांत ही बुरशी आधीच असते. जास्त स्फुरद, वारंवार नांगरट आणि लांबलेली उघडी पड यांमुळे ती कमी होते.
- विकतच्या खताचा सर्वांत जास्त उपयोग नेपियर, मारवेल, दशरथ घास यांसारख्या बहुवर्षीय चाऱ्याच्या लागवडीच्या वेळी होतो.
- उभ्या, सुकत चाललेल्या पिकाला शेवटच्या क्षणी देऊन फायदा होत नाही.

मायकोरायझा म्हणजे नेमके काय?

अल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘बुरशी-मूळ’ असा होतो. बुरशी आणि मूळ मिळून झालेला हा एकच अवयव आहे, असे त्यांना सुचवायचे होते. चारा पिकांमध्ये या बुरशीचा जो प्रकार आढळतो, त्याला पूर्वी ‘व्हॅम’ म्हणत आणि आजही अनेक पाकिटांवर तेच नाव असते.

ही बुरशी मुळाच्या सालीत शिरते आणि पेशींमध्ये झाडाच्या फांद्यांसारखी बारीक रचना तयार करते. देवाणघेवाण याच ठिकाणी होते. पीक बुरशीला साखर व स्निग्ध पदार्थ देते. त्या बदल्यात बुरशी मातीतून स्फुरद, जस्त, तांबे व काही प्रमाणात नत्र आणून देते. पानांत तयार होणाऱ्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के वाटा पीक या बुरशीवर खर्च करते. हा खर्च लहान नाही. म्हणून जमिनीत स्फुरद भरपूर असेल तर पीक स्वतःच या बुरशीला आत घेणे कमी करते. पुढचे बरेचसे सल्ले या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

दुसरी लक्षात ठेवायची बाब अशी की, ही बुरशी जिवंत मुळाशिवाय आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. ट्रायकोडर्मा किंवा रायझोबियम प्रयोगशाळेत नुसत्या माध्यमावर वाढवता येतात. मायकोरायझा वाढवण्यासाठी मुळे लागतातच. शेतात मुळे नसतील त्या काळात ती बीजाणू आणि जुन्या मुळांच्या तुकड्यांच्या रूपात तग धरून राहते, वाढत नाही.

कोरड्या जमिनीत पीक आधी कशाला मुकते?

पाने कोमेजली की आपण पाणी कमी पडले असे म्हणतो. ते खरेच आहे, पण त्याच्या बरेच आधी पिकाची स्फुरदाची उपासमार सुरू झालेली असते.

नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येते. स्फुरदाचे तसे नसते. मातीच्या कणांभोवती जो पाण्याचा पातळ थर असतो, त्यातून ते अतिशय सावकाश सरकते. त्यामुळे मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधील स्फुरद संपला की तिथे रिकामी पट्टी तयार होते. जमीन वाळू लागली की हा पाण्याचा थर आणखी पातळ होतो, जागोजागी तुटतो आणि स्फुरदाचे सरकणे जवळजवळ थांबते. आपल्याकडील चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या काळ्या जमिनीत स्फुरद मुळातच कॅल्शियमबरोबर बांधला जातो. त्यात ओलावा घटला की माती परीक्षणात ‘मध्यम’ दिसणारा स्फुरदही पिकाला मिळत नाही.

स्फुरद कमी पडला की नवीन मुळांची वाढ मंदावते. मुळे कमी झाली की खालच्या थरातील ओलावा गाठता येत नाही. असे हे दुष्टचक्र सुरू होते.

बुरशी या ठिकाणी काय काम करते?

१. पोहोच वाढवते. बुरशीचे तंतू साधारण २ ते १० मायक्रॉन जाडीचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिकाचे बारीकात बारीक मूळही याच्या कितीतरी पट जाड असते. ज्या सूक्ष्म पोकळीत मूळ शिरू शकत नाही, तिथे हे तंतू शिरतात आणि मुळाभोवतीची रिकामी पट्टी ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात.

२. मूळ आणि माती यांतील संपर्क टिकवते. कोरड पडू लागली की मूळ आकसते आणि माती मागे सरते. मध्ये हवेची फट पडते. काळ्या जमिनीत तर मोठ्या भेगाच पडतात. लहान फटींवर बुरशीचे तंतू पुलासारखे काम करतात. रुंद भेगांपुढे मात्र त्यांचेही काही चालत नाही, तिथे कोळपणी करून भेग बुजवणे हाच उपाय आहे.

३. काही प्रमाणात पाणीही पोचवते. तंतूंमधून पाणी थेट येते की नाही, यावर शास्त्रज्ञांत बराच काळ मतभेद होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात ओटच्या जंगली भाईबंदाची मुळे एका कप्प्यात ठेवली होती. शेजारच्या कप्प्यात खूण केलेले पाणी होते आणि मध्ये हवेची फट होती. मुळांना पलीकडे जाता येत नव्हते, फक्त बुरशीचे तंतू जाऊ शकत होते. तरीही ते पाणी झाडात पोचले. झाडाने बाष्पाद्वारे टाकलेल्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश इतका हा वाटा होता. हा नियंत्रित प्रयोग होता, त्यामुळे हाच आकडा शेतात धरू नये. मात्र तंतूंतून पाणी येऊ शकते, हे त्यातून दिसले.

४. पिकाची सहनशक्ती वाढवते. बुरशी असलेल्या पिकात पर्णरंध्रे ताणातही काहीशी जास्त वेळ उघडी राहतात, त्यामुळे अन्ननिर्मिती चालू राहते. पाऊस परतल्यावर असे पीक लवकर सावरते. वारंवार कापणीच्या चाऱ्यात हे लवकर सावरणे म्हणजेच पुढची कापणी असते.

५. मातीची घडण सुधारते. तंतूंचे जाळे मातीचे बारीक कण बांधून ठेवते. त्यामुळे पावसाचे पाणी वाहून जाण्याऐवजी जिरते. बहुवर्षीय गवताखालची माती हातात घेतली की ती रवाळ लागते, त्याला गवताच्या दाट मुळांबरोबर हे जाळेही कारण असते.

काय करत नाही, तेही समजून घ्या

मुळांच्या कक्षेत ओलावाच उरला नसेल, तर बुरशी काही करू शकत नाही. उगवणीनंतर मुळांत तिचा जम बसायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे पेरणीनंतर पंधरा दिवसांत पडलेल्या खंडात तिची मदत मिळत नाही. साठ-पासष्ट दिवसांत कापल्या जाणाऱ्या मक्यात तिला काम करायला थोडाच वेळ मिळतो. तीन-चार वर्षे उभ्या राहणाऱ्या नेपियरमध्ये हाच फायदा दरवर्षी मिळत राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. माहितीपत्रकांवर ‘दुप्पट वाढ’ अशी छायाचित्रे असतात. त्यांतील अनेक प्रयोग निर्जंतुक केलेल्या मातीच्या कुंड्यांत घेतलेले असतात. तिथे तुलनेतील रोपाला बुरशी अजिबात मिळत नाही. शेतात प्रत्येक रोपाला जमिनीतील स्थानिक बुरशी थोडीफार मिळतेच, त्यामुळे फरक कमी दिसतो. शेतकऱ्याला आश्वासन देताना कुंडीतील आकडे वापरू नयेत.

कोणत्या चारा पिकांना उपयोग होतो?

- तृणवर्गीय: ज्वारी, मका, बाजरी, नेपियर, मारवेल, अंजन, ओट. यांपैकी मका व ज्वारीच्या मुळांत ही बुरशी सहज रुजते.
- द्विदल: लसूणघास, बरसीम, चवळी, स्टायलो, दशरथ घास. यांना दुहेरी फायदा होतो. मुळांवरील गाठींत नत्र बांधण्यासाठी भरपूर स्फुरद लागतो. मायकोरायझा तो आणून देते, म्हणून रायझोबियमचे कामही चांगले होते.
- जिथे ही बुरशी रुजत नाही: मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा, पालक, चारा बीट व राजगिरा. या पिकांना मायकोरायझा देणे म्हणजे पैसे वाया घालवणे. शिवाय या पिकांनंतर त्याच शेतात लगेच चारा मका घेतला, तर बुरशी कमी झाल्याने सुरुवातीला मका जांभळट व खुरटा दिसू शकतो. मध्ये चवळी किंवा ज्वारी घ्यावी.

आधी जी आहे ती टिकवा

उघडी पड लांबवू नका. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आपल्यासारख्याच काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनी आहेत. ओलावा साठवण्यासाठी तिथे वर्षाहून अधिक काळ जमीन तणमुक्त ठेवून पड टाकत. जमिनीत ओलावा असायचा, तरी नंतरचे पीक खुरटायचे व त्यात स्फुरद-जस्ताची कमतरता दिसायची. १९८० च्या दशकात तेथील संशोधनातून उलगडा झाला की लांब पडीत मायकोरायझा घटत होती.

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागात खरीप पड ठेवून रब्बी ज्वारी घेण्याची पद्धत आहे. आपली पड त्यापेक्षा कमी काळाची असते आणि मधल्या काळात तणेही उगवतात, त्यामुळे परिणाम तितका तीव्र नसतो. तरीही खोल जमीन आणि जून-जुलैचा पाऊस चांगला असेल, तर खरिपात मूग, उडीद किंवा चाऱ्यासाठी चवळी घ्यावी. मुळे जमिनीत राहतात आणि बुरशी रब्बीपर्यंत जिवंत राहते. मध्यम व हलक्या जमिनीत मात्र खरिपाचे पीक रब्बीचा ओलावा खाऊन टाकते. तिथे हा प्रयोग सर्व क्षेत्रावर करू नये.

नांगरट बेताने करा. प्रत्येक खोल नांगरटीत तंतूंचे जाळे तुटते. कीड, कोष व तणांसाठी उन्हाळी नांगरटीचा उपयोग आहे, हे नाकारता येत नाही. पण चाऱ्याच्या राखीव तुकड्यात ती दरवर्षी करण्याची गरज नसते. तिथे कुळवाची उथळ पाळी पुरेशी होते. बहुवर्षीय चारा लावला तर हा प्रश्नच उरत नाही.

स्फुरद मोजून द्या. माती परीक्षण पत्रिकेत स्फुरदाचे वर्ग अत्यंत कमी ते अत्यंत जास्त असे दिलेले असतात. ‘जास्त’ किंवा ‘अत्यंत जास्त’ असेल तर डीएपी आणि १०:२६:२६ यांचा वापर थांबवून फक्त नत्र द्यावे. ‘कमी’ असेल तर शिफारशीचा स्फुरद बंद करू नये. मायकोरायझा मातीतला स्फुरद आणते, नसलेला निर्माण करत नाही. ऊस व भाजीपाल्याच्या जुन्या बागायती क्षेत्रात वर्षानुवर्षे डीएपी पडलेला असतो, तिथे बुरशीचे प्रमाण कमी आढळले तर नवल वाटू नये.

कापणीत खुंट ठेवा. टंचाईत नेपियर अगदी जमिनीलगत कापण्याचा मोह होतो. बुरशीचे अन्न पानांतूनच येते. बुडख्यात साठा राहिला नाही तर फुटवा उशिरा येतो आणि मुळे व बुरशी दोन्ही उपाशी राहतात. नेपियर १० ते १५ सें.मी. उंचीवर कापावे. मारवेलच्या बांधावर जनावरे सतत सोडू नयेत.

बांध जपा. बांधावरचे मारवेल, पवन्या यांसारखे बारमाही गवत म्हणजे या बुरशीची कायमची पेढी. तणनाशक मारून बांध उघडा केला की ती बुडते. सुरुवातीला ज्या बांधालगतच्या ओळी सांगितल्या, त्यांना शेजारच्या जिवंत जाळ्याचा आधार मिळण्याची शक्यता असते.

विकतचे मायकोरायझा खत: कुठे परवडते?

मायकोरायझा जैविक खतांचा समावेश १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात आहे. खरेदी करताना पाकिटावर उत्पादन व अंतिम तारीख, परवाना, आणि दर ग्रॅममधील जिवंत घटकांची संख्या पाहा. ही संख्याच सर्वांत महत्त्वाची. नुसते ‘ह्युमिक, सीवीड व मायकोरायझायुक्त’ असे लिहिलेल्या आणि संख्या न दिलेल्या मिश्रणांवर पैसे घालू नयेत. पावती घ्यावी आणि पाकीट उन्हात तापलेल्या दुकानातील आहे का, हेही पाहावे.

आता एक सोपा हिशेब करू. समजा, एकरी ४ किलो खत दिले आणि दर ग्रॅमला १०० जिवंत घटक आहेत. म्हणजे एकूण ४ लाख घटक झाले.

- नेपियर ९० × ६० सें.मी. अंतरावर लावला तर एकरी सुमारे ७,५०० ठोंबे बसतात. प्रत्येक ठोंबाला साधारण ५३ घटक मिळतात.
- चारा मका एकरी ३० किलो बियाण्याने पेरला तर सुमारे १ लाख २० हजार दाणे पडतात. प्रत्येक दाण्याला जेमतेम ३ घटक मिळतात.

खर्च तोच, पण नेपियरमध्ये तो तीन-चार वर्षांसाठी होतो आणि मक्यात दोन महिन्यांसाठी. म्हणून विकतचे खत पहिल्यांदा बहुवर्षीय चाऱ्याच्या नवीन लागवडीला द्यावे. त्यानंतर दशरथ घास किंवा लसूणघासाला. हंगामी मका-ज्वारीत जमिनीतील स्थानिक बुरशी टिकवण्यावरच भर द्यावा. मुरूम भरलेली, वरचा थर खरवडून गेलेली किंवा नव्याने सपाट केलेली जमीन असेल, तर तिथे हंगामी पिकालाही खत देण्यात अर्थ आहे. अशा जमिनीत मूळची बुरशी फारच कमी असते.

वापरण्याची पद्धत

१. बुरशी मुळाला भिडली पाहिजे. खत जमिनीवर फेकू नये. ठोंब किंवा कांडी लावण्याच्या जागी खड्ड्यात, मुळे फुटतील तिथेच ठेवावे. पेरणीच्या पिकात बियाण्याच्या खाली २ ते ५ सें.मी. खोलीवर पडेल असे सरीत द्यावे.

२. मात्रा पाकिटावरील शिफारशीप्रमाणे घ्यावी, कारण घटकांची संख्या उत्पादनानुसार बदलते. चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून दिल्यास सारखे पडते.

३. रासायनिक खतात मिसळू नये. स्फुरदयुक्त खत ठोंबापासून काही अंतरावर वेगळे द्यावे.

४. ज्वारीच्या बियाण्याला काणी रोगासाठी गंधकाची प्रक्रिया करतात, ती बंद करू नये. त्याच बियाण्यावर मायकोरायझा चोळण्याऐवजी ती सरीत द्यावी. कार्बेन्डाझिमसारख्या आंतरप्रवाही बुरशीनाशकाची आळवणी लागवडीच्या काळात टाळावी.

५. जमिनीत वाफसा असताना लागवड करावी. कोरड्या, तापलेल्या मातीत खत टाकून पावसाची वाट पाहू नये.

घरच्या घरी बुरशी वाढवता येते का?

येते, पण स्वच्छतेने. अनेक वर्षे न खणलेल्या बांधावरील मारवेल किंवा पवन्याखालची ५ ते १५ सें.मी. थरातील माती, बारीक मुळांसह घ्यावी. रोगट किंवा सूत्रकृमी असलेल्या क्षेत्राजवळची माती घेऊ नये. गोणीत किंवा मोठ्या कुंडीत दोन भाग धुतलेली वाळू आणि एक भाग हलकी माती भरावी. वरून पाच-सहा सें.मी. खाली बांधावरच्या मातीचा थर द्यावा. त्यावर मका किंवा ज्वारी दाट पेरावी. स्फुरद देऊ नये. पिवळेपणा दिसल्यास अगदी थोडा युरिया पाण्यातून द्यावा.

दहा ते बारा आठवडे पीक वाढू द्यावे. शेवटचे दहा दिवस पाणी तोडावे. पीक वाळू लागले की बुरशी बीजाणू तयार करते. नंतर वरचा भाग कापून जनावरांना न देता बाजूला काढावा, कारण ताण बसलेली कोवळी ज्वारी विषारी असू शकते. मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळावीत. हे मिश्रण सावलीत ठेवून येत्या लागवडीतच, दर ठोंबाला मूठभर वापरावे. या पद्धतीत बुरशीबरोबर मातीतले रोगजंतूही वाढू शकतात. म्हणून ते फक्त चाऱ्याच्या क्षेत्रात वापरावे, भाजीपाला किंवा फळबागेत नेऊ नये.

फरक पडला की नाही, हे कसे ओळखाल?

सर्व क्षेत्राला खत देऊन टाकले तर फरक कधीच कळत नाही. तीन ठिकाणी शेजारी शेजारी दोन-दोन सऱ्या निवडाव्यात. प्रत्येक जोडीत एका सरीला खत द्यावे, दुसरीला नुसते शेणखत द्यावे. काठीने खूण करावी. पावसाच्या खंडात दुपारी कोणत्या सरीची पाने आधी गुंडाळतात, ते वहीत लिहावे. प्रत्येक कापणीला सारख्या लांबीच्या पट्ट्याचे वजन करावे. ताणाच्या काळात हिरव्या वजनावर विसंबू नये. प्रत्येकी अर्धा किलो चारा कुट्टी करून पूर्ण वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. तिन्ही जोड्यांत एकाच बाजूला वाढ दिसली, तरच खताचा परिणाम समजावा.

मुळांतील बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, पण त्यासाठी मुळे दाहक द्रावणात उकळून रंगवावी लागतात. हे काम घरी करू नये. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालयात सोय आहे का, ते विचारावे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक नमुन्यातील एक सेंटिमीटरचे १०० मूळतुकडे तपासून किती तुकड्यांत बुरशी दिसते, ते नोंदवल्यास गावातील शेतांची तुलना करता येते.

किराळची काळजी घ्यावीच

मायकोरायझा दिली म्हणून ताणाखालची ज्वारी जनावरांना सुरक्षित होत नाही. पावसाच्या खंडात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि पाऊस पडल्यानंतर फुटलेल्या नव्या फुटव्यांत सायनाइडयुक्त विष जास्त असते. त्यालाच आपण किराळ लागणे म्हणतो. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी. उपाशी जनावर अशा शेतात सोडू नये. चारा चांगला वाळवून किंवा मुरघास करून दिल्यास विषाचे प्रमाण कमी होते. जनावर धापा टाकू लागले, लडखडले, तोंडाला फेस आला तर एक क्षणही न थांबता पशुवैद्यकाला बोलवावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्फुरद विरघळवणारे जिवाणू दिले तर मायकोरायझाची गरज आहे का?
दोघांचे काम वेगळे आहे. जिवाणू बांधलेला स्फुरद मोकळा करतात, बुरशी तो मुळापर्यंत आणते. चुनखडीच्या जमिनीत दोन्ही एकत्र शेणखतातून देता येतात.

उभ्या नेपियरला ठिबकमधून देऊ का?
द्रावण मुळांच्या थरापर्यंत गेले तरच उपयोग. त्यापेक्षा कापणीनंतर बुडख्याजवळ उथळ चर काढून खत द्यावे, मातीने झाकावे आणि हलके पाणी द्यावे. तरीही लागवडीच्या वेळी दिल्याइतका परिणाम अपेक्षू नये.

एकदा दिल्यावर दरवर्षी द्यावे लागते का?
बहुवर्षीय चाऱ्यात मुळे जिवंत आहेत तोवर बुरशीही राहते. पुन्हा देण्यापेक्षा स्फुरद बेताने आणि खुंट ठेवून कापणी, या दोन गोष्टी सांभाळाव्यात.

पाणी किती वाचते?
ठरावीक टक्केवारी सांगता येत नाही. जमीन, स्फुरद आणि खंडाचा काळ यांनुसार ते बदलते. बुरशीच्या भरवशावर पाण्याच्या पाळ्या कमी करू नयेत. पाळी चुकली तर पीक थोडे जास्त तग धरावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

येत्या हंगामासाठी

मे महिन्यात चाऱ्याच्या तुकड्याचे माती परीक्षण करून घ्या आणि स्फुरदाचा वर्ग पाहा. दहा गुंठे का होईना, नांगरट न होणारा बहुवर्षीय चाऱ्याचा तुकडा राखून ठेवा. त्यात गवताबरोबर दशरथ घास किंवा स्टायलोच्या ओळी घ्या. विकतचे खत आणायचेच असेल तर ते या तुकड्याच्या लागवडीला द्या आणि दोन सऱ्या तुलनेसाठी सोडा. बांधावरचे गवत ठेवा. पाऊस किती पडेल, हे आपल्या हातात नाही. पडलेल्या पावसाचा ओलावा गाठणारी मुळे आणि बुरशी जमिनीत जिवंत ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.